खिडकीकडे पाठ

“थुंकी लावून पान उलटू नकोस,” वन्सं म्हणाल्या. “मला ऐकू येतं.”

घ्या! डोळे गेलेल्या बाईला माझी थुंकी ऐकू येते.

“नाही लावली,” मी म्हणाले.

“लावलीस. खोटं बोललीस की तुझा आवाज चढतो. वाच पुढं.”

मी बोट पुसलं आणि वाचू लागले. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर त्यांची सगळी नोकरी झाली. “नमस्कार, थांबा, जोडून देते,” हे त्या इतक्या वेळा म्हणाल्या होत्या, की झोपेतसुद्धा म्हणायच्या. कान असे तयार झालेले, की पलीकडचा माणूस रडून बोलतोय की आता रडणार आहे, ते त्यांना तारेवरून कळायचं. त्यांच्यासमोर बसून मी काय लपवणार?

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली, निवृत्त झाल्यावर भाड्यानं घेतलेली. एक पलंग, एक कपाट, कोपऱ्यात शेगडी आणि एक लाकडी खुर्ची. खुर्ची कायम खिडकीकडे पाठ करून. मोठी चांगली खिडकी होती, खाली रस्ता, समोर झाड. पण इतक्या वर्षांत वन्संना तिच्यातून बाहेर बघताना मी पाहिलं नाही. आता तर बघून उपयोगही नव्हता. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दुसरं झालं, आणि मग डॉक्टरांनी पुढचं काही सांगायचंच सोडून दिलं. मध्यंतरी शेगडीवर हात भाजला. तेव्हा वन्संनी कुणाला न विचारता वृद्धाश्रमात फोन लावला, स्वतःची जागा पक्की केली आणि मग मला कळवलं. महिनाअखेरीस जायचं होतं.

“तिकडे जायच्या आधी एकदा ते पुस्तक ऐकायचंय,” असं फोनवर म्हणाल्या. “तुझ्याशिवाय आहे कोण दुसरं? तुझा आवाज म्हणजे फाटका पत्रा, पण चालेल.”

म्हणून मी रोज दुपारी बस पकडून जात होते. त्यांची जुनी प्रत त्यांच्या मांडीवर असायची, निळ्या पुठ्ठ्याची. तिची पानं हात लावला की तुटायची आणि अक्षर मुंगीएवढं. माझेही डोळे काही सोळा वर्षांच्या पोरीचे नाहीत. मी लेकीला सांगितलं, तर तिनं नवीन आवृत्ती मागवून घरपोच पाठवली, मोठ्या टायपातली. ती मी वाचायची. वन्सं जुनी प्रत धरून बसायच्या आणि मी एखादा शब्द गाळला तर पुठ्ठ्यावर टिचकी मारायच्या.

माझं आणि या पुस्तकाचं वैर फार जुनं. लग्न होऊन मी घरात आले, त्या दिवशी वन्संनी माझ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. मऊ लागेना, म्हणजे कापड नाही. जड लागेना, म्हणजे भांडं नाही. उघडते तर हे! तेही हॉस्पिटलच्या लायब्ररीचं, शिक्का मारलेलं. “वाच आणि परत दे,” म्हणाल्या. “घर कसं सोडावं ते यात लिहिलंय.”

नव्या सुनेला कुणी असं म्हणतं? मी म्हटलं झालं, पहिल्याच दिवशी आपली गठडी वळली. पण सोडलं त्यांनी. लहान भावाला त्यांनीच वाढवलेलं, आईवडील लवकर गेले म्हणून. त्याचं लग्न लागलं तसे त्यांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि एक ट्रंक घेऊन हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहायला गेल्या. भाऊ दारात आडवा उभा राहिला, रडला. त्या त्याला टपली मारून निघून गेल्या. आणि शेजारीपाजारी काय म्हणाले? नवी आली आणि थोरलीला बाहेर काढलं! करून गेला गाव आणि माझंच नाव. ते बोलणं मी वर्षानुवर्षं खाल्लं. मग असलं पुस्तक मी वाचते होय? नाही वाचलं. वन्सं विचारायच्या, “वाचलंस?” मी म्हणायचे, “वेळ कुठाय?” मनात म्हणायचे, मेले तरी वाचणार नाही.

मी एकटीच काय ती उरले असेन. बाकी ज्याच्या त्याच्या गळ्यात त्यांनी ते मारलं होतं. बोर्डावर फोन यायचा, “डॉक्टर आहेत का?” या म्हणायच्या, “वॉर्डात गेलेत, लाइनवर थांबा. तोवर एक विचारू? वाचायची आवड आहे का?” लोक काळजीनं अर्धे झालेले असायचे, त्यातले काही खरंच लायब्ररीत येऊन पुस्तक मागायचे. कुणीतरी तक्रार केली. मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. वन्सं अर्ध्या तासानं केबिनमधून बाहेर आल्या, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांचा शिपाई लायब्ररीत हजर. साहेबांना पुस्तक हवं होतं! पुढं लायब्ररी बंद पडली तेव्हा ती प्रत तिथल्या लोकांनी यांनाच देऊन टाकली. वन्संनी गळ्यात मारल्याशिवाय मात्र कुणाच्या तोंडून त्या पुस्तकाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

आता पुस्तकात होतं तरी काय? एक थोरली बहीण. बंदराजवळचं घर, मागे भावंडं. ही त्यांना मोठी करते, आणि ती एकेक करून पांगतात. सगळ्यात धाकटी तर न सांगताच एका सकाळी बोटीत बसून जाते. थोरली मग ते घर सोडते आणि धक्क्यावर एक खोली घेते. आधी नुसती खिडकीत बसून असते. बोट लागली की बघते, कोण उतरतंय. मग एकदा एक नावाडी फाटकं शीड घेऊन येतो, ती ते शिवून देते. मग दुसरा येतो. असं करत ती बंदरावरच्या सगळ्यांची शिडं शिवणारी बाई होते. एवढंच. मी नाकं मुरडत वाचायला घेतलं होतं. पण ती बोटीची वाट बघत बसते ते प्रकरण आलं आणि मी एकच ओळ दोनदा वाचली. हे गेल्यापासून मी पण तशीच बसत होते की. घरी परतले की रेडिओ लावायचे. ऐकत काही नव्हते, कुणीतरी बोलतंय एवढंच.

हे वन्संना कळलं असणार.

त्या दुपारी आम्ही शेवटाला आलो. वन्संनी जुनी प्रत छातीशी धरली. ओठ हलत होते, माझ्याबरोबर त्या मनात म्हणत होत्या. मी वाचलं, “बोट लागल्याचा भोंगा झाला. तिनं मान वर केली नाही. सुईत दोरा ओवला आणि खिडकीकडे पाठ करून ती कामाला बसली.”

“पाठ करून!” वन्सं म्हणाल्या. “बघितलंस? खिडकीकडे पाठ करून! आता ती कुणाची वाट बघत नाही. संपलं. कसला शेवट आहे गं! ठिणगे, आता तरी पटलं?”

ठिणगी म्हणजे मी. हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

“पटलं,” म्हणत मी पुस्तक मिटायला म्हणून पान उलटलं. आणि पुढं मजकूर होता.

नवीन प्रकरण होतं. वर आकडा, खाली ओळी, चांगली बरीच पानं. वन्संनी आपली प्रत आता मांडीवर शेवटच्या पानाशी उघडी ठेवली होती, मी तिकडे बघितलं. तिच्यात त्या ओळीनंतर एक कोरं पान होतं आणि मग पुठ्ठा. पुठ्ठा लायब्ररीनं बाइंडरकडून नवा घालून घेतलेला. बाइंडर पानांचे गठ्ठे करून शिवतो, एवढं मला ठाऊक होतं. शेवटचा गठ्ठा त्यानं शिवलाच नव्हता! टेबलाखाली पडला असेल, नाहीतर दुसऱ्याच कुठल्या पुस्तकात गेला असेल. आणि प्रकरण नेमकं तिथंच पुरं होत होतं, म्हणून कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. वन्संनी ज्याला ज्याला दिली त्यानं हीच प्रत वाचली. सगळ्यांनी हाच शेवट वाचला.

सगळ्यांनी म्हणजे, एक सोडून.

चष्मेवाला! हॉस्पिटलच्या फाटकासमोर त्याचं दुकान. बायको गेलेली, बोलायला मऊ माणूस. वन्संची पाळी सुटायची त्या वेळी हा हातात एक पुसायचं फडकं घेऊन फाटकाशी यायचा, त्यांचा चष्मा मागून घ्यायचा, पुसून द्यायचा. मग दोघं तिथंच उभ्या उभ्या गप्पा मारायची. आम्ही घरात सगळे आशेला लागलो होतो. ह्यांनी तर नवा सदराही शिवायला टाकला होता, न जाणो लागला तर. वन्संनी चष्मेवाल्याला पुस्तक सांगितलं. लायब्ररीची प्रत बाहेर गेलेली, म्हणून त्यानं हौसेनं बाजारातून स्वतःची विकत आणली. वाचून आला आणि म्हणाला, “शेवटी ती धाकटी येते ना, ते मला फार आवडलं. डोळे भरून आले.”

वन्सं आधी हसल्या. मग त्यांना राग आला. धाकटी येते कुठं? ती तर येतच नाही! हा न वाचताच थापा मारतोय. “न वाचता वाचलं म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?” असं त्या आमच्या घरी येऊन म्हणाल्या. तो बिचारा पुस्तक घेऊन दाखवायला आला होता म्हणे, पण त्या बोर्डावरून उठल्या नाहीत. “लाइन चालू आहे” असं आतून सांगितलं. दोनचारदा आला, मग यायचा थांबला. पुढं दुकान विकून मुलाकडे गेला. आता आहे की नाही, कुणास ठाऊक.

“काय गं, गप्प का?” वन्सं म्हणाल्या.

“घसा सुकला,” मी म्हणाले आणि पुस्तक पिशवीत टाकलं. त्यांच्यासाठी चहा केला, कप हातात दिला आणि बस पकडली.

घरी येऊन रेडिओ न लावता मी ते प्रकरण वाचलं. चपला पायातच होत्या.

मग संध्याकाळभर चार खोल्यांत येरझाऱ्या घातल्या. सांगावं तर काय सांगावं? वन्सं, तुमचं पुस्तक अर्धवट होतं? ज्या ओळीच्या जोरावर तुम्ही घर सोडलंत, एकट्या राहिलात, त्या भल्या माणसाला फाटकावरून परत पाठवलंत, ती शेवटची ओळ नव्हतीच? बाइंडरनं दुपारी जेवून जांभई दिली आणि तुमचा जन्म गेला? हे कुणी कुणाला सांगतं का! न सांगावं, तर त्या महिनाअखेरीस निघून जाणार, आणि मला ते नको होतं. आता स्पष्टच बोलते. मला त्या घरी यायला हव्या होत्या. त्यांच्या टिचक्या, त्यांचं टोचून बोलणं, सगळं. जन्मभर आमचं पटलं नाही, पण माझ्या नवऱ्याला लहानपणी काय खुपायचं, तो कशाला भ्यायचा, हे माहीत असलेलं माणूस जगात तेवढं एकच उरलं होतं. आणि त्या प्रकरणात जे लिहिलं होतं, ते मला माझ्या तोंडानं कधी म्हणता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन गेले.

“आज काय आता?” वन्सं म्हणाल्या. “काल संपलं की.”

“थोडं राहिलंय,” मी म्हणाले आणि त्या काही बोलायच्या आत वाचायला सुरुवात केली.

त्या प्रकरणात थोरली शीड शिवत बसलेली असते. सकाळची वेळ. मागच्या खिडकीतून ऊन कापडावर पडलेलं असतं, आणि अचानक त्यावर सावली येते. “उजेड अडवू नको,” ती मागे न बघता म्हणते. सावली हलत नाही. मग आवाज येतो, “अडवत नाही. जागा आहे का, एवढंच विचारायला आले.” धाकटीचा आवाज. थोरली वळत नाही. किती वर्षं, कुठं होतीस, काही विचारत नाही. शेवटी हातातली सुई खांद्यावरून मागे धरते आणि म्हणते, “दोरा ओवून दे. मला हल्ली दिसत नाही.”

इथं माझा आवाज फुटला. मी थांबले, पुन्हा वाचलं. “मला हल्ली दिसत नाही.”

वन्संनी टिचकी मारली नव्हती. त्या मान एका बाजूला कलवून बसल्या होत्या, बोर्डावर खराब लाइन ऐकताना बसायच्या तशा.

“हे कुठून वाचलंस?”

“पुस्तकातून.”

“पुस्तक काल संपलं.”

“तुमचं संपलं. ह्यात पुढं आहे.”

“चढला,” वन्सं म्हणाल्या. “आवाज चढला तुझा.”

चढला होता, खोटं कशाला बोलू. पण तो रडं दाबल्यामुळे चढला होता. एवढे तयार कान, आणि नेमके त्याच वेळी चुकले.

वन्संचा चेहरा हळूहळू असा काही सैल झाला, की मी तो तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी हात पुढं करून चाचपडत माझा गाल धरला.

“हे तू बनवलंस,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी! अगं ठिणगे, सगळी रात्र बसली असशील. खांद्यावरून सुई मागं देते... काय सुचलंय गं तुला! माझी थोरली असं म्हणायची नाही हं कधी. पण काय सुचलंय!”

शब्द जिभेच्या टोकाशी आले होते. विचारा त्या चष्मेवाल्याला. एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या गालावर त्यांचा हात होता, भाजल्याचा डाग असलेला, आणि इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच तिथं आला होता. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. फटकळ म्हणून साऱ्या नात्यागोत्यात माझं नाव, तरीसुद्धा.

मग मी दुसरंच बोलले. “वन्सं, चला ना माझ्याकडे. तिकडे कशाला जाता? घर तुमचंच आहे. ह्यांची खोली तशीच रिकामी आहे. मला एकटीला खायला उठतं ते घर.”

त्यांनी हात काढून घेतला नाही.

“तू बनवलंस त्यात धाकटी कुठं आली?” त्यांनी विचारलं. “थोरलीच्या खोलीत आली. थोरलीला ट्रंक भरून कुणी नेलं नाही. मी आता तुझ्याकडे आले, तर तू मला उठवशील, बसवशील, भरवशील. करशील, माहीत आहे. आणि मी तुझं ओझं होईन. तोंडानं तू म्हणणार नाहीस, पण तुझा आवाज चढेल, आणि मला ऐकू येतं.”

“नाही चढणार.”

“चढला बघ.”

आम्ही दोघी हसलो. हसता हसता मी रडले. त्या रडल्या नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

“मी जाते,” त्या म्हणाल्या. “तू येत जा. पुस्तक घेऊन ये.”

महिनाअखेरीस मी त्यांना पोचवून आले. एक ट्रंक, एक पिशवी आणि मांडीवर निळं पुस्तक. खोलीची किल्ली त्यांनी स्वतः मालकाच्या हातात दिली, लाकडी खुर्ची खालच्या मजल्यावरच्या बाईला देऊन टाकली. निघताना मी म्हटलं, “खिडकी एवढी छान होती हो.” तर म्हणाल्या, “होती का?”

वृद्धाश्रम शहराबाहेर, दोन बस बदलून. मी दर गुरुवारी जाऊ लागले. पहिल्याच खेपेला वन्संचं तिथल्या अर्ध्या बायकांना पुस्तक सांगून झालं होतं. “हिच्याकडे नवीन प्रत आहे, ही वाचेल, आवाजाकडे लक्ष देऊ नका,” असं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. मग काय, व्हरांड्यात खुर्च्यांचा गोल व्हायचा आणि मी वाचायचे. एक निवृत्त नर्स होती, एक शिवणकाम करणारी, एक नुसतीच झोपणारी. शिवणकामवाली शिडं शिवण्याच्या प्रत्येक वर्णनाला मान हलवून म्हणायची, “अशी टीप मारत नाहीत.” नर्सला त्या थोरलीच्या खोकल्याची काळजी लागलेली. पुस्तकात थोरली दोनदाच खोकते, पण नर्सनं ते मनावर घेतलं होतं. मलाही आता गुरुवारची ओढ लागली होती. बाकीचे दिवस कसेबसे जायचे. रेडिओ लावायचे, बंद करायचे.

शेवट वाचायचा होता त्या गुरुवारी बस चुकली आणि मला उशीर झाला. फाटकातून आत शिरले तर व्हरांड्यात वन्सं एकट्याच बसलेल्या. बाकी खुर्च्यांची तोंडं एकमेकींकडे, आणि वन्संची खुर्ची सरळ फाटकाकडे.

झाडणारी बाई मला बघून म्हणाली, “आलात? सकाळपासून तिथं आहेत. दर गुरुवारी खुर्ची वळवायला लावतात. मी म्हटलं, आजी, तुम्हाला काय दिसणार? तर म्हणाल्या, तू वळव.”

“कोण आलं?” वन्सं मोठ्यानं म्हणाल्या, जसं काही त्यांना कळलंच नव्हतं.

“मीच.”

“उशीर केलास. बायका ताटकळल्या.”

बायका आल्या, गोल झाला. मी वाचलं. भोंगा होतो, ती मान वर करत नाही, सुईत दोरा ओवते, खिडकीकडे पाठ करून कामाला बसते. मी थांबले.

“मग?” नर्स म्हणाली. “कुणीच येत नाही? तिच्या खोकल्याचं काय?”

“नाही येत कुणी,” वन्सं म्हणाल्या. “पुस्तक इथं संपतं.”

“पण पानं आहेत की अजून.” शिवणकामवालीची नजर तीक्ष्ण होती. तिनं माझ्या हाताकडे बोट दाखवलं. “ही एवढी राहिलीत.”

मी वन्संकडे बघितलं. त्यांनी हात लांब करून माझ्या हातातलं पुस्तक चाचपलं, उरलेली पानं चिमटीत धरली, जाडी बघितल्यासारखी जरा दाबली आणि सोडली.

“ती आमच्या घरातली आहेत,” त्या म्हणाल्या.

बायका कुरकुरत उठल्या. चहाची घंटा झाली होती. झोपणारीला दोघींनी हाताला धरून उठवलं. व्हरांड्यात आम्ही दोघीच उरलो. माझं बोट अजून पानांत होतं.

“वन्सं,” मी म्हणाले, “तुम्हाला कधी कळलं?”

“तू गेलीस त्याच संध्याकाळी.” त्या शांतपणे बोलत होत्या. “नवराबायकोच्या भांडणाचं साधं खोटं कारण तुला कधी धड बनवता आलं नाही. तू ते सुईचं बनवशील? आधी मला वाटलं खरं. वाटलं म्हणजे, तसं मानून घ्यायचं होतं. मग पडल्या पडल्या आठवलं...”

आतून कपबश्यांचे आवाज येत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते, जसं काही त्यांना ते दिसणार होतं.

“तो चष्मेवाला खरं बोलत होता गं,” वन्सं म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी निळं पुस्तक मांडीवर नीट ठेवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि पाठ ताठ केली. बोर्डावर पाळी सुरू होताना बसायच्या तशा.

“तुझ्या बसला वेळ आहे?”

“आहे.”

“मग ते वाच. सावली पडते तिथून. हळू वाच.”

मी बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं. वन्संना ऐकू गेलं असणार. त्या काही बोलल्या नाहीत.